भाऊजी, तुम्ही माझं ऐकलंत कसं?

भाऊजी, इकडे या बघू जरा. असे दाराला टेकून उभे राहू नका. पुढं या, ती खुर्ची ओढा आणि माझ्यासमोर बसा. फोनकडे बघायचं नाही. ‘वहिनी, दोन मिनिटांत आलो’ म्हणून मागच्या अंगणात जायचं नाही. आयुष्यभर तुम्ही माझ्या बोलण्यातून असेच सटकलात, आणि शेवटी तर असे सटकलात की हाक मारायलाही वेळ दिला नाहीत. आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक मला सांगतात, काकू, रडून घ्या, मोकळं वाटेल. मला रडू येत नाही हो. मला राग येतो. दात घासताना येतो, कणीक मळताना येतो, सोफ्यावर नुसती बसले तरी येतो. सुनेनं परवा भीत भीत विचारलं, “आई, आर यू अपसेट विथ अस?” म्हटलं, नाही गं बाई, तुमच्यावर नाही, तुझ्या चुलतसासऱ्यांवर. गेलेल्या माणसाशी भांडण चालू ठेवता येतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

आधी ते आजारपणाचं घेऊ. नागपूरला होतात तेव्हा केवढे बडबडे होतात तुम्ही! मी नवी नवरी, घरात कुणाशी बोलायची चोरी, आणि तुम्ही माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंच्या नकला करायचात. मग इंग्लंडला गेलात आणि तिथं काय शिकलात? न बोलायला शिकलात. रविवारी तुमचा फोन यायचा. “कसे आहात?” “नॉट टू बॅड, वहिनी.” पाऊस कसा आहे, नॉट टू बॅड. सिनेमा कसा चाललाय, नॉट टू बॅड. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितलं होतं आणि तुम्ही ते पुढं ढकलत होतात, हे तुमच्या लेकीनं मला सांगितलं, ते तुम्ही गेल्यावर. लीना म्हणाली, “बाबा म्हणाले, फिल्म संपू दे, मग बघू.” आणि त्या सगळ्या रविवारी तुम्ही माझ्याशी क्रिकेटवर बोलत होतात. क्रिकेटमधलं मला काय कळतं, भाऊजी?

बरं, तुमच्या शोकसभेबद्दल ऐका. इंग्लंड सोडून तुम्ही जिथं आलात त्या लॉस एंजेलिसच्या मंडळींनी मोठा हॉल घेतला होता. पांढरी फुलं, पांढरे पडदे, आणि एक माणूस सारखा पियानो वाजवत होता. तुमचा धंद्यातला पार्टनर ग्रॅहम बोलला. मग आणखी कोण कोण बोलले. तुम्ही दोन संस्कृतींमधला पूल होतात म्हणे. तुम्ही आपल्या लोकांसाठी दारं उघडलीत म्हणे. पूल काय, दारं काय! अहो, तुम्ही दारात केळीची साल टाकून ठेवणारे! एवढ्या माणसांत एकानंही सांगितलं नाही की हा माणूस लोकांना हसवायचा. मी वाट बघत होते, आता कुणीतरी सांगेल, आता सांगेल. अख्ख्या सभेत एक माणूस हसला नाही. विनोदी सिनेमे काढणाऱ्याला असं पोचवतात?

त्यांना सांगावंसं वाटत होतं की याची सुरुवात तिकडे इंग्लंडात, लेस्टरमध्ये लग्नाच्या व्हिडिओंपासून झालीय. गुजराती लग्न होतं, नवरीचा मामा आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढला आणि पलीकडून तसाच खाली उतरला, पायरी नसलेल्या बाजूनं. तुम्ही ते कापलं नाहीत. उलट, मामा उठून जाकीट झटकतो आणि मला तिथूनच उतरायचं होतं असा चेहरा करतो, ते संपेपर्यंत कॅमेरा धरून ठेवलात. नवरीच्या बापानं भांडण काढलं, पण कॅसेट गावभर फिरली. तीच कुणा टीव्हीवाल्यानं बघितली आणि तुम्हाला बोलावलं. मला तुम्ही सांगितलं होतंत, “वहिनी, पडण्यात काही गंमत नसते. मी पडलोच नाही असं माणूस दाखवतो ना, ते बघायचं.” इंग्रज तर यात पटाईतच. त्यांच्यावर तुम्ही सिनेमांवर सिनेमे काढलेत. घरमालक, पाद्री, कचेरीतले साहेब, सगळे आब राखता राखता तोंडावर आपटणारे. पेपरवाले ‘ढोबळ’ म्हणायचे. तुम्ही ती कात्रणं मला पाठवायचात आणि खाली लिहायचात, ‘थिएटर फुल्ल.’

आणि प्रत्येक सिनेमा बाहेर जायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात यायचा, हे त्या हॉलमध्ये किती जणांना ठाऊक होतं? कच्ची जोडलेली फिल्म घेऊन तुम्ही आमच्याकडे टेक्सासला यायचात. टीव्हीचा आवाज बंद. मला समोर बसवायचं, पुढ्यात मेथीची जुडी नाहीतर मटार. आणि तुम्ही टीव्हीकडे पाठ करून माझ्या हातांकडे बघत बसायचात! पहिल्या वेळी मी केवढी चिडले होते.

“अहो, माझ्याकडे काय बघताय?”

“वहिनी, तुम्ही निवडा. तोंडानं माणूस मला बरं वाटावं म्हणूनही हसतं. हात कुठं थांबतात ते मला बघायचंय.”

हात थांबले की सीन राहिला. चालूच राहिले की तुम्ही मान हलवायचात, आणि दिवसचे दिवस खपून केलेला सीन तिथल्या तिथं गेला. तुमचे दादा आतून ओरडायचे, “अरे, तिला जरा जास्त मेथी दे, सिनेमा लांबलेला दिसतोय!” एकदा गॅसवरचं दूध आठवलं म्हणून माझे हात थांबले तर तुम्ही ‘येस!’ करून उडीच मारलीत. मी लगेच सांगितलं, दूध, दूध! तुमचं तोंड असं उतरलं होतं की तुम्हालाच सिनेमात घालावं.

आणि मग तुम्ही प्रोड्यूसर झालात. त्याचा राग तर माझा जुनाच आहे. अमेरिकेत आलात, मोठं ऑफिस घेतलंत, दुसऱ्यांच्या सिनेमांना पैसे मिळवून द्यायला लागलात. चांगलं काम होतं, नवीन पोरापोरींना उभं केलंत, नाही म्हणत नाही मी. पण डायरेक्टर होतात तेव्हा दंगेखोर होतात, प्रोड्यूसर झाल्यावर समजूतदार झालात. मीटिंगा, लंच, ‘ग्रेट आयडिया, लेट्स टॉक’. मी विचारायची, तुमचा स्वतःचा कधी? “बघू, वहिनी.” वर्षानुवर्षं माझी मेथी मी एकटीच निवडली. तुमच्या हातात कॅमेरा नाही म्हणून तुमच्या दादांनाही चैन पडायचं नाही. “हा एवढा गुळगुळीत कसा काय झाला?” म्हणायचे.

ते आजारी पडले आणि तुमचं इकडं येणं वाढलं. पार्किन्सन्स. या शब्दानं लोकांचे चेहरे कसे होतात, बघितलंय तुम्ही. पण आपल्या घरात काय चाललं होतं? कुणी पाहुणा आला की हे थरथरत्या हातानं कप पुढं करायचे आणि म्हणायचे, “घ्या, चमचा लागणार नाही, ढवळूनच देतोय.” मी डोळे वटारायची. तुम्ही बाथरूममध्ये जाऊन हसायचात.

आणि तो दुकानाचा दिवस. मोठ्या दुकानात ती बसून चालवायची बॅटरीची गाडी असते ना, त्यात ह्यांना बसवलं. ब्रेड घेतला, बिलाच्या रांगेकडे मी वळले, तर ह्यांनी गाडी सरळ दाराबाहेर काढली. शेजारच्या आपल्या देशी दुकानात गरम कचोऱ्या निघाल्याचा वास आला म्हणे. जानेवारीचा वारा, अंगात नुसता सदरा, पुढ्यात बिन पैशांचा ब्रेड, आणि पार्किंगमधून गाडी गोगलगायीसारखी चाललेली. मागून तो उंच गार्ड आला. त्याला ह्यांना गाठायला पळायची गरजच नव्हती, उलट बिचाऱ्याला पावलं लहान करावी लागत होती. “सर, धिस हॅज टू स्टे इन द स्टोअर, सर.” हे म्हणतात, “आय ॲम नॉट स्टॉपिंग, माय फ्रेंड, बट यू कॅन वॉक विथ मी.” त्यांच्यामागं मी, हातात ह्यांचं जॅकेट, तोंडाचा पट्टा चालू. आणि तुम्ही? सख्खा भाऊ चोर ठरत होता आणि तुम्ही फुटपाथवर बसून पोट धरून हसत होतात! पोलिसांचा पाठलाग कधी एवढा हळू झाला नसेल असं तुम्ही घरी येऊन म्हणालात. दादा म्हणाले, “मग काढ की सिनेमा.” मला वाटलं, चेष्टा चाललीय.

ते गेल्यानंतर तुम्ही माझ्या टेबलाशी बसून सांगितलंत की सिनेमा खरंच काढतोय. आपलं भांडण आठवतंय ना? मला शब्दन्‌शब्द आठवतंय.

“माझ्या नवऱ्याच्या थरथरीवर तिकीट लावणार तुम्ही?”

“वहिनी, दादानं मला सांगितलं होतं. म्हणाला, मी गेल्यावर हे लोक मला बिचारा करून टाकतील. तू करू देऊ नकोस.”

“मला नाही सांगितलं ते.”

तुम्ही गप्प. तिथंच चुकलात. काहीतरी बोलायचंत. जन्मभर ज्यांचं सगळं केलं त्या माणसानं मनातलं भावाला सांगितलं, मला नाही. मला काय वाटलं असेल? मी म्हटलं, करा, काय करायचं ते करा. पण मला त्यात घ्यायचं नाही. मी नको, माझा आवाज नको, माझं एक पातेलंसुद्धा नको. आणि मला दाखवायलाही आणू नका.

तुम्ही म्हणालात, “ओके, वहिनी.”

ओके! आयुष्यात कधी माझं ऐकलं नाहीत. सिगारेट सोडा, ऐकलं नाहीत. लीनाच्या आईशी नीट बोला, ऐकलं नाहीत. आणि हे एवढंच ऐकलंत? त्यानंतर रविवारचे फोन क्रिकेटवर गेले. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तर शोकसभेत काय झालं, सांगते. कुणीच हसत नाही म्हणून मीच उठले. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, टीव्हीवरून उचललेलं. तरी उभी राहिले, आणि तुम्हाला हसायला किती आवडायचं ते सांगावं म्हणून तुमच्या दादांची चहाची गोष्ट सांगितली. चमचा लागणार नाही, ढवळूनच देतोय. भाऊजी, पुढच्या रांगेतल्या बायकांनी छातीवर हात ठेवला आणि सगळ्या एका सुरात ‘ओऽऽ’ म्हणाल्या. एकीनं डोळे पुसले. पियानोवाल्यानं तर वाजवायला सुरुवात केली! मी त्या माईकपाशी उभी, आणि माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत बिचारा झाला. चांगला खट्याळ, कचोरीसाठी दुकानाची गाडी पळवणारा माणूस, त्या एका ‘ओऽऽ’मध्ये गेला. तेव्हा मला कळलं त्यांनी काय सांगून ठेवलं होतं ते. आणि मला का नाही सांगितलं तेही थोडं कळलं. मी त्यांचं जॅकेट धरून मागं धावणारी. मला सांगितलं असतं तर मी आधी रडले असते.

लीना माझ्याबरोबर इकडे टेक्सासला, फ्रिस्कोच्या घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

“काकू, मला तुला काहीतरी दाखवायचंय. बाबांनी नको सांगितलं होतं, पण आय हॅव नो चॉइस.”

दादांवरची फिल्म पूर्ण झालेली नाही, ती म्हणाली. ग्रॅहमला ती लवकर बाहेर काढायचीय. पण त्याच्या मते मध्ये मध्ये फार लांब, रिकाम्या जागा आहेत. नट मागं वळून बघतो, तिथं कुणीच नसतं, आणि सीन नुसता थांबून राहतो. तो म्हणतो, या जागा कापू, नाहीतर खाली पियानो टाकू, म्हणजे आजारी माणसाचा एकटेपणा दिसेल. निर्णय आता लीनाच्या हातात.

मी म्हटलं, लाव.

तुमचा नट दादांसारखा दिसत नाही, आधीच सांगते. नाक फार मोठं आहे. पण गाडी पार्किंगमध्ये निघाली आणि मला हसू फुटलं. गार्डची पावलं, तीच. “यू कॅन वॉक विथ मी,” तेच. मी शोधत होते मागं कोण येतंय ते. कुणीच नाही. चौकटीची उजवी बाजू अख्खी मोकळी. ह्यांचं सगळं मी इतकी वर्षं केलं, आणि तुमच्या सिनेमात हा माणूस एकटा! कपाळाची शीर उडायला लागली माझी. तेवढ्यात नटानं मान वळवून मागं बघितलं आणि थांबला. मी तशीच रागात होते, तोंडातून निघून गेलं, “अहो, जॅकेट घाला आधी!”

आणि पडद्यावरचा माणूस म्हणाला, “नंतर!”

लीना माझ्याकडे बघतच राहिली. “काकू, वेट. परत बोल.” तिनं मागं नेऊन पुन्हा लावलं. तो वळला, मी बोलले, तो म्हणाला, “नंतर!” पुढं गार्ड काहीतरी विचारतो, पुन्हा तसाच थांबा. मी तेव्हा त्याला काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. “हसतोस काय, थांबव त्यांना!” बोलले, आणि गार्डनं खांदे उडवले. अगदी तेवढ्याच वेळात! जेवणाच्या टेबलाशी, डॉक्टरच्या खोलीत, गॅरेजमध्ये, जिथं जिथं ग्रॅहमला रिकामं दिसलं तिथं तिथं मी होते. माझ्या श्वासासकट मापून ठेवलं होतंत. मी वाक्याआधी जरा ‘अहो’ लांबवते, तेवढासुद्धा वेळ सोडला होतात.

लीना हळूच म्हणाली, “बाबा म्हणायचे, वहिनी नाही म्हणते, मग दोन वर्षांनी स्वतःहून हो म्हणते. ते थांबले होते, काकू.”

थांबले होते! अहो, मग विचारायचंत ना एकदा! फोन कशाला असतो? रविवारी एवढं क्रिकेट बोललात, त्यात एक वाक्य घालायचंत, ‘वहिनी, तुमची जागा मोकळी ठेवलीय.’ ओरडले असते, फोन ठेवला असता, पुढच्या रविवारी पुन्हा घेतला असता. तुम्हाला माहीत नव्हतं का मी कशी आहे? एवढं माहीत होतं की मी कुठं दम घेते ते मोजून फिल्म कापलीत. आणि मी ‘नको’ म्हटलं त्यावर मात्र विश्वास ठेवलात? का तिथंही इंग्रजी सभ्यपणा आडवा आला? हृदय एवढं थकलंय हे ठाऊक असलेल्या माणसाला वाट बघत बसायची कसली ऐट?

लीनानं मग विचारलंच. “काकू, तू बोलशील? फक्त आवाज.” मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, मी नटी नाही, मला हे असलं जमत नाही, तुझ्या बापानं मला कोंडीत पकडलंय. दोन दिवसांनी तिला विमानतळावर सोडलं तेव्हा नुसती मिठी मारून गेली. तीसुद्धा तुमचीच. विचारून गप्प बसणारी.

त्यानंतर मी रोज भांडतेय तुमच्याशी. खूप सुख दिलंत हो तुम्ही मला, तेही खरं आहे. परक्या देशात दुपार सरता सरत नसायची, तेव्हा तुमचे सिनेमे माझ्या पुढ्यात यायचे आणि मला वाटायचं, जगातलं काहीतरी महत्त्वाचं काम माझ्यावाचून अडलंय. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ‘नॉट टू बॅड’ म्हणाला असता, म्हणून नाही सांगितलं.

आज सकाळी लीनाला फोन केला.

म्हटलं, ग्रॅहमला सांग, काही कापायचं नाही. तो पियानो उचलून न्यायला सांग. माझ्या नवऱ्याच्या मागं कुणी पियानो घेऊन फिरत नव्हतं, मी फिरत होते. मी बोलते. पण कागदावर लिहिलेलं वाचणार नाही आणि रिहर्सल करणार नाही.

“काकू! आर यू शुअर?” रडायलाच लागली ती. “मी पुढच्या महिन्यात साऊंडवाल्यांना घेऊन येते.”

म्हटलं, पुढचा महिना नको, लीना. आत्ता मला राग आहे, तोवर बोलून घेऊ दे. तो किती दिवस पुरेल, मला सांगता यायचं नाही. एकदा रडू आलं की सगळ्या थिएटरभर ते ‘ओऽऽ’ होईल, आणि तुझा बाप आणि तुझे काका, दोघांचंही केलेलं वाया जाईल. साऊंडवाले मिळाले तर आण, नाहीतर तुझा फोन धर माझ्यासमोर. पण लवकर ये.